अक्कांचे विमानातले चौकोन

अक्का, तुमचा विनय तुम्हाला परदेशातून विमानानं घेऊन आला. गेली पाच-सहा वर्षं ज्या वाटेनं तुमची ये-जा चालली होती, त्याच वाटेनं. हैदराबादला उतरून, जहिराबादला चहा पिऊन, बीदरवरून भालकीला. फरक एवढाच, की या खेपेला तिकीट त्याचं एकट्याचं होतं आणि तुम्ही त्याच्या खांद्यावरच्या बॅगेत होता, लाल कापडात बांधलेल्या लहानशा पेटीत. त्याच बॅगेत तुमची शिवणाची पिशवी होती. पेटीसाठी त्याला विमानतळावर कागदावर कागद दाखवावे लागले म्हणे. पिशवीतल्या सुयांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

गल्लीतल्या बायका विचारतात, कशानं गेल्या? झोपेत, म्हणून सांगते. मग त्या पदर डोळ्याला लावून म्हणतात, भाग्यवान हो, पोराच्या घरी गेल्या, नातीजवळ गेल्या. मला त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटतो. ज्या घरात तुम्ही चाळीस वर्षं राबलात त्या घराच्या उंबऱ्यातून तुम्हाला कुणी उचललं नाही. तुमची धाकटी जाऊ असून मला तुम्हाला शेवटची आंघोळ घालता आली नाही. इथं सकाळी फोन आला तेव्हा मी तव्यावर भाकरी टाकत होते. हातातली भाकरी मी नीट भाजली, उतरवली, आणि मग खाली बसले.

मी रागावले आहे. हे आधीच सांगते, म्हणजे रडणाऱ्यांत माझी गणती करू नका.

पाच-सहा दिवसांपूर्वी गाणगापूरला जाऊन आलो. संगमावर भटजींनी विनयला गोत्र विचारलं, तर तो माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मी सांगितलं. मग तुमच्या सासूचं नाव विचारलं, तेही मीच सांगितलं. पाण्यात उतरताना त्यानं पायातले मोजे काढलेच नव्हते. ओल्या मोज्यांनीच भालकीपर्यंत गाडीत बसून आला. त्या वेळी मला त्याची दया आली. पण दया फार वेळ टिकली नाही.

कारण घरी आल्यावर त्यानं तुमची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "काकू, आईनं विमानात शिवलेले चौकोन हायत हे. एवढे जोडून द्या ना. रविवारी मी निघायलोय. तिकडं काचेत बसवून हॉलच्या भिंतीवर लावतो."

भिंतीवर! अक्का, तुमच्या पोरानं पांघरायची वाकळ भिंतीवर लावायची ठरवली आहे.

मी पिशवी घेऊन आत गेले आणि दार लोटलं. तेव्हापासून तुमच्याशी भांडते आहे. जिवंतपणी अर्धवट राहिलं होतं, ते पुरं करून घेते.

सासूबाईंनी आपल्याला वाकळ शिवायला कशी शिकवली, ते विसरलात का? जुनी इरकली लुगडी धुऊन, खळ काढून, एकावर एक थर जमिनीवर पसरायचे. एका काठाला तुम्ही, समोरच्या काठाला मी. काठापासून टाके घालत, फेऱ्यावर फेरे घेत, दोघींनी आत आत सरकायचं. सुरुवातीला आपल्यात खोलीभर अंतर असायचं, शेवटी गुडघ्याला गुडघा लागायचा. अगदी मधोमध आल्यावर तुमचा दोरा आणि माझा दोरा एकमेकांत गाठ मारून संपवायचा, ही सासूबाईंची शिस्त. एकटीच्या दोऱ्याची गाठ त्या उसवून टाकायच्या. किती वाकळा शिवल्या आपण! लग्न होऊन आले तेव्हा मला तुमची भीती वाटायची. ती भीती पहिल्याच वाकळीत गेली, कारण अर्ध्यावर येईपर्यंत तुम्ही मला सासूबाईंच्या सगळ्या नकला करून दाखवल्या होत्या, आणि त्या शेजारच्या खोलीतच होत्या.

मग तुमचे यजमान, आमचे भावजी, गेले, विनयला तिकडं मुलगी झाली आणि तुमच्या विमानाच्या वाऱ्या सुरू झाल्या. सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं. पहिल्या वेळी तुम्ही आपली अर्धी झालेली मोठी वाकळच घडी घालून सोबत नेलीत. सोळा-सतरा तास नुसतं बसून काय करू, म्हणालात. हैदराबादला तपासणीत कात्री काढून घेतली, तर त्या पोलीस पोरीला तुम्ही विचारलंत, "बेटी, इत्ती कतरनी से मैं विमान कतरूंगी क्या?" ती हसली, पण कात्री दिली नाही. विमानात दोरा दातानं तोडावा लागला. आणि वाकळ उघडली, तर तिचा पसारा शेजारच्या गोऱ्या माणसाच्या मांडीवर गेला. त्याला वाटलं, विमानवाल्यांनी पांघरूण दिलं. गळ्यापर्यंत ओढून घोरायला लागला बिचारा. तो उठेपर्यंत तुम्ही सुई हातात धरून बसून राहिलात. हे सांगताना तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला, आणि मला पाणी आणायला उठावं लागलं.

तिथून तुमची अक्कल चालायला लागली. मोठं काम विमानात चालत नाही, मांडीत मावेल तेवढंच न्यायचं. कापाकापी सगळी घरी. लुगड्याचे वीतभर चौकोन, आत जुन्या धोतराचा थर, चारी कडा आत दुमडून कच्चा टाका घातलेला, अशी चवड बांधून पिशवीत. कात्रीऐवजी नखं कापायचं यंत्र, ते कुणी अडवत नाही आणि दोरा झक्क तुटतो. खाली पडलेली सुई विमानात सापडत नाही, म्हणून पदराला एक लोहचुंबक. आणि सुयांत दोरा आधीच ओवलेला, कारण मोतिबिंदूच्या डोळ्यांना त्या मिणमिणत्या दिव्यात सुईचं नाक दिसायचं नाही. ते ओवायचं काम माझं. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी ओसरीवर बसून सुया ओवायची, प्रत्येक दोऱ्याला गाठ मारायची आणि एकेक सुई तुमच्या चष्म्याच्या जुन्या डब्यात, लोकरीच्या तुकड्यात टोचून ठेवायची. दोरे गुंतू नयेत म्हणून एकेक गुंडाळायची. तुम्ही म्हणायचात, "रत्ना ओवती म्हणून मी शिवती." मला ते ऐकायला बरं वाटायचं. आता खोटं कशाला बोलू.

पण चौकोनांवरून आपलं वाजलंच. परत आलात की ते चौकोन एकमेकांना जोडून तुम्ही दुपटं करायचात, नातीसाठी. मी म्हटलं, "अक्का, ह्याला वाकळ म्हणू नका. तुकड्यातुकड्यांनी वाकळ होत न्हाई." तुम्ही म्हणालात, "कामून होत न्हाई? ऊब देतीय न्हवं?" मी म्हटलं, "समोर कोण बसलं होतं? गाठ कुणासंगट मारली?" तुम्ही सुईवरून नजर न उचलता म्हणालात, "विमानात समोर खुर्चीची पाठ असती बघ." मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही मात्र रोजच्यासारखं बोलत होता, त्याचाच जास्त राग आला.

आणि ते दुपटं तरी कुणी वापरलं? सूनबाईनं तीनदा मशीनमध्ये धुतलं आणि कपाटात ठेवलं. इतकं सुंदर आहे, वापरून कशाला खराब करायचं, म्हणाली. ती वाईट नाही, मी ओळखते तिला, गोड पोरगी आहे. तुम्हीही हसून सांगितलंत. पण बाळाच्या अंगाला न लागलेलं दुपटं म्हणजे नुसता कापडाचा तुकडा, हे तुम्ही तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाहीत. मला सगळं ऐकवायचात, तिला नाही.

मग तो दिवस आला. तिसऱ्या की चौथ्या खेपेनंतरचा. आपण गच्चीवर तूर वाळत घातली होती आणि सुपातले खडे निवडत होतो. तुम्ही एकदम म्हणालात, "रत्ना, एक सांगू का? हसू नको."

"सांगा की."

"मला विमानात लई बरं वाटतंय गं."

मी हसलेच. म्हटलं, "त्यात काय, खिडकीतून ढग दिसतेत म्हणून?"

"ढग कुठले? ते तर झापड पाडून ठेवतेत. तसं न्हवं." तुम्ही सूप खाली ठेवलंत. "पट्टा बांधला की कुणी हाक मारत न्हाई. ताट पुढ्यात येतंय, खाल्लं की कुणीतरी उचलून नेतंय. दूध उतू जात न्हाई, कुणाचं बाळ रडलं तर ते माझं नसतंय. मी अन् माझी सुई. एवढं सलग मी जन्मात कधी बसले न्हाई. उतरायचं म्हटलं की पट्टा सोडू वाटत न्हाई."

"पोराकडं उतरताना?"

"दोन्हीकडं."

"दोन्हीकडं?"

"व्हय. दोन्हीकडं." मग सूप उचललंत आणि म्हणालात, "विन्याला सांगू नको हां. वाईट वाटंल त्याला."

विनयला वाईट वाटेल. आणि मला? अक्का, तुमच्या समोर बसून तूर निवडणारी बाई कुणी खांब होती का? दोन्हीकडं म्हणजे एकीकडं विनयचं घर, दुसरीकडं हे घर. या घरात कोण होतं? भावजी नव्हते, सासूबाई नव्हत्या. आमचे हे दिवसभर शाळेत शिकवायला. मी होते. हैदराबादला विमान टेकलं की तुम्हाला पट्टा सोडावासा वाटायचा नाही, आणि मी इकडं तुमची आवडती शेंगाची पोळी करून दारात उभी. त्या दिवशी मी विचारलंही नाही. खडे निवडले आणि खाली येऊन कुकर लावला.

तेव्हा मला कळलं, चौकोन का. मांडीत मावतात म्हणून, हे कारण खरंच. पण मोठ्या वाकळीला समोर दुसरी बाई लागते. चौकोनाला लागत नाही.

शेवटच्या खेपेला तर तुम्ही माझं ओवणंही काढून घेतलंत. तिकडून नव्या तऱ्हेच्या सुया आणल्या होत्या, डोक्यावर फट असलेल्या. दोरा वरून दाबला की आपोआप नाकात जातो. लहान पोरासारखं मला करून दाखवलंत. "बघ, आता तुला तरास न्हाई." मी म्हटलं, "चांगलं झालं." आणि त्या दुपारी ओसरीवर मला काही काम नव्हतं. आमच्या ह्यांनी विचारलंसुद्धा, आज सुया ओवत नाहीस का? मी त्यांच्यावरच ओरडले.

जाताना मात्र गाडीची काच खाली करून म्हणालात, या वेळी आले की मोठी मांडू, लुगडी धुऊन ठेव. मी ठेवली धुऊन. खळ काढली, उन्हात वाळवली, घड्या घालून पेटीत ठेवली. मला बरं वाटावं म्हणून बोललात की खरंच बोललात, हे तेव्हा कळलं नाही. विचारू, म्हटलं, आल्यावर.

आता तुमच्या लेकाचं ऐका. तेराव्याला पंगत उठल्यावर त्यानं चार माणसांत तुमची आठवण सांगितली. म्हणाला, "आमची आई विमानातसुद्धा एक मिनिट आराम करायची नाही. नातीसाठी शिवत बसायची." सगळ्यांचे डोळे भरून आले. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, आई असावी तर अशी. मी स्वयंपाकघरात गेले आणि पातेली इतकी आपटली की मोलकरीण बाहेर जाऊन उभी राहिली. आराम करायची नाही! अहो, तोच तर आराम होता. जन्मात मिळालेला तेवढाच. आणि तोही यांनी कष्टांच्या खात्यात जमा केला. बाहेर जाऊन ओरडावंसं वाटलं, तुमच्या सगळ्यांपासून सुटका म्हणून ती शिवत होती, नातीसाठी नव्हे. पण तुम्ही माझ्या तोंडाला कुलूप लावून गेला होता. आणि ओरडले असते तर 'सगळ्यांत' माझंही नाव घ्यावं लागलं असतं.

काल सकाळी मी चौकोन पलंगावर मांडून बघितले. काम तुमचं सुरेखच, त्यात कधी वाद नव्हता. काही हिरव्या इरकलीचे आहेत, काही तुमच्या त्या जांभळ्या लुगड्याचे, काही चक्क विनयच्या जुन्या शर्टाचे. प्रत्येकाच्या चारी कडा बंद. टाके काठापासून फिरत आत आलेले, सासूबाईंनी शिकवले तसेच. आणि प्रत्येकाच्या मधोमध एक गाठ, तुमच्या एकटीच्या दोऱ्याची. सासूबाईंनी उसवली असती. मी पण सुई घातली होती उसवायला. मग बोट फिरवून बघितलं, तर टाके असे निवांत आलेत, अक्का. आपल्या मोठ्या वाकळींत तुमचा टाका कुठं लांब, कुठं आखूड असायचा. मधेच उठावं लागायचं, कधी सासूबाईंची हाक, कधी भावजींचा चहा, कधी विनयची शाळा. आणि खरं सांगायचं तर कधी माझी बडबड. इथं एकही टाका चुकलेला नाही. मी सुई काढून घेतली. त्या गाठींना हात लावायचा माझा अधिकार नाही, असं वाटलं. असं वाटायला लावल्याबद्दलही मी तुमच्यावर रागावले आहे.

आज विनयला बोलावलं आणि पिशवी परत दिली.

"जोडलं न्हाई?" त्यानं विचारलं.

"न्हाई. जोडायचं काही न्हाई त्यात. सगळे पुरे हायत."

"मग वाकळ?"

"ही वाकळ न्हवं, विनू. तुझी आई नि मी ह्यावरून भांडलोय."

त्याला काही कळलं नाही. कळावं असं मीही बोलले नव्हते. म्हणाला, "तिकडं जोडून देणारं दुकान हाय, तिथं देतो." मी म्हटलं, तुझ्या आईचं आहे, तुला काय करायचं ते कर, पण भिंतीवर लावू नको, लेकीला पांघरायला दे, फाटलं तर फाटू दे. तो हो म्हणाला. लावेल भिंतीवरच, मला माहीत आहे.

उठायला लागला आणि पुन्हा बसला. एक चौकोन हातात घेऊन अंगठ्यानं चोळत राहिला. तुमच्यासारखाच बसतो तो, एक पाय खाली सोडून. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "काकू, एक विचारू? आईला आमच्याकडं बरं वाटायचं का? सहा-सहा महिने मी तिला ठेवून घ्यायचो. आम्ही दोघं कामाला जायचो, ती एकटी लेकराला घेऊन. कधी काही बोलली न्हाई. पण विमानतळावर मला बघितलं की तिचा चेहरा कसातरीच व्हायचा. तुमच्याजवळ काही बोलली का?"

अक्का, इतके दिवस जे ओरडावंसं वाटत होतं, ते सगळं जिभेवर आलं. हा आयता विचारत होता. ओल्या मोज्यांचा, काचेच्या चौकटीचा, तेराव्याच्या भाषणाचा सगळा हिशेब एका वाक्यात चुकता झाला असता. तुम्हीही नव्हता डोळे वटारायला.

मी म्हटलं, "व्हय रे. लई बरं वाटायचं. तुझ्याकडं जायचं म्हटलं की महिनाभर आधी पिशवी भरून बसायची."

तो रडला. एवढा मोठा चाळिशीला आलेला माणूस माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला, आणि मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. आत चहा उकळून गेला. तुम्ही ठेवायला सांगितलेलं गुपित मी ठेवलं, वर पदरचं खोटंही घातलं. तुमचं एवढं एक काम राहिलं होतं, ते मी उरकलं.

आता विनय सामान बांधतो आहे आणि मी इथं गच्चीत येऊन बसले आहे. तुमच्यावरचा राग गेला असं समजू नका. मलाही तेच विचारायचं होतं, अक्का. इतकी वर्षं माझ्यासमोर बसून शिवलंत, तेव्हा तुम्हाला बरं वाटायचं का? त्याला 'व्हय' म्हणायला मी होते. मला खोटं का होईना, 'व्हय' म्हणेल असं या घरात कुणी उरलेलं नाही.